कला, नीती आणि सरकारी शिक्का

१९६२ सालच्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा छापून आली. एका कवीच्या आयुष्यात आलेल्या स्त्रियांची ती गोष्ट. एका गृहस्थांना ती अश्लील वाटली आणि त्यांनी पुण्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद केली. दंडाधिकाऱ्यांनी लेखक आणि मुद्रक-प्रकाशक यांना सोडून दिले. उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, दोघांना प्रत्येकी २५ रुपये दंड ठोठावला आणि त्यांच्या ताब्यातील अंकाच्या प्रती नष्ट करायला सांगितले. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट १९६९ मध्ये ते निर्दोष ठरले. एका दिवाळी अंकातल्या कथेचा निकाल लागेपर्यंत मध्ये आणखी सहा दिवाळ्या होऊन गेल्या होत्या.

या निकालपत्रातला एक भाग मराठी समीक्षकांनी मुद्दाम वाचावा असा आहे. न्यायालय म्हणते, ही कथा फार उंच वाङ्मयीन दर्जाची नसेल, तीत लेखकाची अपरिपक्वता आणि अनुभवाचा तोकडेपणाही दिसत असेल. पण ती अश्लील नाही. म्हणजे काकोडकरांना निर्दोषत्वासोबत एक प्रतिकूल परीक्षणही मिळाले, आणि तेही ज्यावर अपील नाही अशा ठिकाणाहून! गंमत सोडली तर यात एक गंभीर गोष्ट आहे. फिर्यादीचे म्हणणे होते की या कथेने वाचकाचे काहीतरी बिघडते. बचावाचे म्हणणे, काही बिघडत नाही. बचाव जिंकला. पण काही बिघडत नाही हे सिद्ध करताना कथा वाचकावर काही करते का, हा प्रश्नच बाजूला पडला. साहित्याच्या बाजूने लढलेल्या आपल्याकडच्या बहुतेक खटल्यांत हे असेच घडले आहे. कला निरुपद्रवी आहे असे सांगून आपण तिला सोडवून आणतो. कला उपद्रवी असू शकते, म्हणूनच ती महत्त्वाची आहे, हे म्हणण्याचे काम आपण परंपरावाद्यांवर सोपवले आहे.

‘परंपरावादी’ हा शब्द मी इथे कुठल्या पक्षाचे नाव म्हणून वापरत नाही. कलेला नीतीचे बंधन असले पाहिजे, समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या गोष्टींची तिने बूज राखली पाहिजे आणि न राखल्यास समाजाला तिला अडवण्याचा हक्क आहे, असे मानणारा तो परंपरावादी. या व्याख्येत सनातनी येतात, गांधीवादी येतात, अनेकदा समाजवादीही येतात. या भूमिकेचा सर्वांत नेमका युक्तिवाद अमेरिकन विचारवंत अर्व्हिंग क्रिस्टल यांनी १९७१ मध्ये सेन्सॉरशिपच्या बाजूने लिहिलेल्या लेखात केला. त्याचा आशय असा : पुस्तक वाचून कोणी बिघडत नाही असे तुम्ही म्हणत असाल, तर पुस्तक वाचून कोणी सुधारतो असेही तुम्हाला म्हणता येणार नाही. मग शाळेत मुलांना कविता कशासाठी शिकवायच्या? वाचनालयांना पैसे कशासाठी द्यायचे? या प्रश्नाला पुरोगामी बाजूने दिलेले समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात नाही. मला वाटते, ते नाहीच. क्रिस्टल यांचे गृहीतक बरोबर आहे. चूक आहे ती त्यावरून ते जिथे पोहोचतात तिथे.

हे गृहीतक मराठीत आले ते मात्र रशियातून, आणि तेही साने गुरुजींच्या हातून. टॉलस्टॉय यांच्या कलाविषयक पुस्तकाचा ‘कला म्हणजे काय?’ हा अनुवाद त्यांनी केला. कलेचे मूल्य, कलेवरचा सरकारी खर्च आणि कलेवरचे नियंत्रण हे आपले तिन्ही विषय या एकाच पुस्तकात आणि त्याच्या नशिबात गुंतलेले आहेत, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. टॉलस्टॉय सुरुवातीलाच वाचकाला एका ऑपेराच्या तालमीला नेतात. कथानक कुणा हिंदुस्थानी राजाचे. तो गवयाच्या वेषात राहतो, त्याची वाग्दत्त वधू गवयावरच भाळते. असले हिंदुस्थानी लोक कधी नव्हते आणि असणेही शक्य नाही, हे टॉलस्टॉय यांनी तिथल्या तिथे सांगून टाकले आहे. (ऑपेरातल्या हिंदुस्थानविषयी हे आपल्या वतीने म्हणणारा पहिला माणूस बहुधा तोच.) तालमीत संचालक वादकांवर आणि नर्तकांवर खेकसतो आहे, दमलेले कामगार अंधारात पडदे ओढताहेत. मग प्रश्न येतो : हे सगळे कोणासाठी? सरकारी नाट्यगृहे, संगीतशाळा आणि कला-अकादमी चालतात त्या करांवर. आणि कर भरण्यासाठी ज्याची गाय विकली जाते, त्या शेतकऱ्याला या कलेचा कधी स्पर्शही होत नाही.

कलेच्या सरकारी अनुदानावर पुढच्या शंभर वर्षांत जे आक्षेप घेतले गेले ते सगळे या एका गायीच्या दाव्याला बांधलेले आहेत. टॉलस्टॉय यांनी मग शेक्सपिअर मोडीत काढला, बेथोव्हेनची नववी सिंफनी मोडीत काढली, आणि स्वतःच्या लेखनातल्या दोन लहान गोष्टी सोडून बाकी सगळे वाईट कलेत जमा केले. ‘युद्ध आणि शांती’सुद्धा. हे वेडाचे वाटले तरी अप्रामाणिक नाही. आपल्याकडे नीतीच्या नावाने दुसऱ्याचे पुस्तक बंद करा म्हणणारे पुष्कळ झाले. स्वतःचे पुस्तक त्या तराजूत घालणारा शोधावा लागेल.

पुढची हकीकत अधिक बोलकी आहे. हे पुस्तक मॉस्कोच्या एका तत्त्वज्ञानविषयक नियतकालिकात छापायचे ठरले. संपादक प्राध्यापक ग्रोट यांच्या आग्रहावरून टॉलस्टॉय यांनी काही मजकूर सौम्य करायला मान्यता दिली. त्यानंतर ते धार्मिक सेन्सॉरच्या हाती पडले, आणि त्याने इतके फेरफार केले की काही ठिकाणी लेखकाच्या मतांच्या उलट अर्थ निघू लागला. अखेर १८९८ च्या इंग्रजी अनुवादाला प्रस्तावना लिहून टॉलस्टॉय यांना जाहीर करावे लागले की माझे म्हणणे या इंग्रजी आवृत्तीत आहे, रशियनमध्ये नाही. एकदा तडजोड केली की त्या यंत्रणेने पुढे केलेल्या नुकसानीतही आपला वाटा असतो, असा त्या प्रस्तावनेचा रोख आहे. कलेवर नीतीचा इतका कडक अंकुश मागणारा दुसरा मोठा लेखक आधुनिक काळात दिसत नाही. आणि त्याने हा अंकुश सरकारच्या हाती द्यायला मात्र ठाम नकार दिला होता. प्लेटोने कवींना नगराबाहेर काढताना रक्षक नेमले होते. टॉलस्टॉय यांनी नेमला तो फक्त वाचकाचा विवेक. साने गुरुजींच्या मराठी वाचकांनी यातला पहिला अर्धा भाग घेतला आणि दुसरा कुठेतरी हरवला.

तो कसा हरवला हे पाहायचे तर फडके-खांडेकर वादात फार वेळ घालवण्याचे कारण नाही. ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’ या वादात दोन्ही बाजू आपापल्या घोषणेवर बसून राहिल्या आणि दोघांच्याही कादंबऱ्या त्याच वाचनालयातून त्याच वाचकांच्या घरी गेल्या. खरा पेच उभा राहिला तो मर्ढेकरांच्या बाबतीत. १९४७ च्या ‘काही कविता’वर अश्लीलतेचा खटला झाला. मर्ढेकर म्हणजे कलाकृतीचे मूल्य तिच्या रचनेत, लयीत, संवाद-विरोध-समतोलात पाहणारे सौंदर्यशास्त्रज्ञ. कलाबाह्य कसोट्या त्यांनी दारातच अडवल्या होत्या. पण न्यायालयात लय हा पुरावा होत नाही. तिथे विचारतात ते एकच : या शब्दांनी वाचकाच्या मनावर काय होते? मर्ढेकर सुटले. तरी त्यांच्या सिद्धांताकडे या प्रश्नाचे उत्तर नव्हते, आणि त्यांच्या कवितेकडे होते, असे मला नेहमी वाटत आले आहे. ज्या ओळींवर आक्षेप होता त्या किळस आणतात, आणि किळस आणण्यामागे एक प्रखर नैतिक संताप आहे. त्या निरुपद्रवी नाहीत. महायुद्धानंतरच्या शहरातल्या माणसाचे जे झाले ते पाहून कवीचे माथे फिरले आहे. हा बचाव एखाद्या परंपरावादी समीक्षकाला उत्तम करता आला असता. तेव्हाचे परंपरावादी विडंबने लिहिण्यात गुंतले होते.

‘श्यामा’चा निकाल लागला त्याच वर्षी, १९६९ मध्ये, भारतीय दंडसंहितेच्या २९२ व्या कलमात दुरुस्ती झाली. विज्ञान, साहित्य, कला वा विद्या यांच्या हितासाठी, म्हणून लोकहितासाठी केलेले प्रकाशन अश्लीलतेच्या गुन्ह्यातून वगळले गेले. लेखकांनी याचे स्वागत केले आणि ते योग्यच होते. पण कायद्याने कला स्वीकारली ती कोणत्या नात्याने, हे पाहा. ती लोकहिताची असल्याचे सिद्ध करता आले तर तिला माफी. म्हणजे ‘जीवनासाठी कला’ हा पक्ष वादात हरला असेल, कायद्यात जिंकला. त्याच कलमातला दुसरा अपवाद प्राचीन स्मारकांवरच्या, देवळांवरच्या आणि देवांच्या रथांवरच्या शिल्पांसाठी आहे. शिखरावर कोरलेले मिथुन चालते. तेच मासिकाच्या मुखपृष्ठावर आले की फिर्याद होऊ शकते. नव्या भारतीय न्याय संहितेतही हे अपवाद कायम आहेत. परंपरेने जे एकदा पचवले त्याला कायदा हात लावत नाही. पण ज्या पिढीने ते कोरले तिच्यापुढे कोणते कलम होते, हा प्रश्न परंपरेचा अभिमान सांगणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हरकत नव्हती.

छापील शब्दाची कथा ही अशी. रंगभूमीची वेगळी, कारण तिथे गुन्हा घडायच्या आधीच तपास होतो. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा इंग्रजांनी बंगालमधल्या नाटकांना घाबरून केला. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० मध्ये बंदी आली. कीचकाच्या जागी कर्झन दिसतो हे सरकारला उशिरा का होईना, कळले होते. इंग्रज गेले. भीतीचा विषय राजद्रोहाकडून नीतीकडे सरकला आणि यंत्रणा राहिली. मुंबई पोलीस कायदा १९५१ चा, त्याच्या ३३ व्या कलमाखालचे नियम, आणि संहिता वाचून प्रमाणपत्र देणारे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या कारकिर्दीत तमाशावर अश्लीलतेच्या कारणाने बंदी आली, हे विसरता कामा नये. ती आणणारी माणसे चारित्र्यवान, निःस्वार्थी, गांधींच्या मुशीतली होती. त्यांनी तमाशाची भाषा ऐकली आणि त्यांना ती घाण वाटली. त्या भाषेवर कोणाची पोटे भरत होती आणि त्या बतावणीत गावच्या पाटलाला कसे भर चौकात उभे केले जात होते, हे त्यांच्या कानांना ऐकू आले नाही. पुढे तमाशा ‘लोकनाट्य’ होऊन परत आला, धुतलेला, संहिता हातात घेऊन. ज्या कलेत संहिताच नसते, सगळे जागच्या जागी सुचते, तिला संहिता दाखव म्हणणे म्हणजे अर्धी बंदीच. परंपरा राखण्याच्या नावाखाली या भूमीतली एक जुनी परंपरा अशी वाकवली गेली.

परिनिरीक्षण प्रत्यक्षात काय करते याची सर्वांत प्रसिद्ध हकीकत तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’ची आहे. १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी ते रंगमंचावर आणले. गर्भपाताच्या प्रसंगानंतर साडीवर दिसणारा लाल डाग मंडळाला खटकला. तो निळा करण्यात आला, आणि प्रयोगापूर्वी प्रेक्षकांना सांगण्यात आले की हा डाग लाल समजावा. हे नेहमी विनोद म्हणून सांगितले जाते. मला त्यात यंत्रणेची अगतिकता दिसते. ‘गिधाडे’ला नीतीच्या बाजूने घेण्यासारखे गंभीर आक्षेप आहेत. त्या घरात एकही धागा शाबूत ठेवला नाही, माणसाच्या क्रौर्यात लेखक रमला आहे, असे कोणी म्हणाले तर त्याच्याशी वाद घालता येईल. पण कार्यालयाला वाद घालता येत नाही. त्याला डाग दिसतो.

‘सखाराम बाइंडर’चे तेच झाले. १९७२ च्या या नाटकात तिसांहून अधिक काटछाटी सुचवल्या गेल्या. दिग्दर्शक कमलाकर सारंग यांना न्यायालयात जावे लागले. त्या दिवसांवर त्यांनी पुढे ‘बाइंडरचे दिवस’ हे पुस्तकच लिहिले. विवाहसंस्थेवर घाला, असा परंपरावाद्यांचा आरोप होता. आता नाटक शांतपणे वाचा. लग्न नको म्हणणारा सखाराम टाकलेल्या बायका घरी आणतो आणि पहिल्याच दिवशी नियम सांगतो : घरात काय करायचे, कोणाशी बोलायचे, डोक्यावर पदर कसा हवा. लग्न मोडून त्याने उभे केले ते लग्नापेक्षा कडक आणि बाईला कोणताच हक्क न देणारे घर. शेवटी त्या घराच्या जमिनीत चंपाचे प्रेत पुरले जाते. विवाहसंस्थेची बाजू घेणाऱ्या समीक्षकाला याहून मोठा पुरावा कोणता हवा होता? आणि त्याच नाटकात देवभोळी लक्ष्मीच चहाडी करते आणि खड्डा खणायला पुढे होते, हे त्याच समीक्षकाला किती जड गेले असते! असे परंपरावादी परीक्षण झाले असते तर मराठी समीक्षा त्याने श्रीमंत झाली असती. ते झाले नाही, कारण शब्द गाळण्याचे काम मंडळाने अंगावर घेतल्यावर विचार करण्याचे काम कोणावर उरले नाही. एका बाजूला बंदी मागणारे, दुसऱ्या बाजूला बंदी उठवा म्हणणारे. नाटक कशाविषयी आहे हे दोघांनाही सांगावे लागले नाही.

आता पैशाकडे येऊ. टॉलस्टॉयची गाय अजून दावणीला आहे. ‘आम्ही बंदी घालत नाही, फक्त पैसे देणार नाही’ हा आजचा सर्वांत सोयीचा युक्तिवाद, आणि त्याचा तळ गाठला गेला तो अमेरिकेत. १९८९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय कलानिधीतून आलेले १५,००० डॉलर आंद्रे सेरानो यांच्या क्रूसाच्या छायाचित्रापाशी आणि ३०,००० डॉलर रॉबर्ट मॅपलथॉर्प यांच्या प्रदर्शनापाशी पोहोचले, म्हणून सिनेटर जेसी हेल्म्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रान उठवले. काँग्रेसने निधीच्या अंदाजपत्रकातून बरोबर ४५,००० डॉलर कापले. कोट्यवधींच्या हिशेबात ही रक्कम चिल्लर. पण ती कोणाच्या नावाची आहे हे सर्वांना कळावे अशी बेतलेली. पुढच्या वर्षी कायद्यात कलम आले : अनुदान देताना सभ्यतेचे सर्वसाधारण निकष आणि जनतेच्या विविध श्रद्धा-मूल्यांचा आदर लक्षात घ्यावा. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी हे कलम वैध ठरवले. बहुमताने त्याला केवळ सल्ल्याचे रूप दिले. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी सहमत असूनही हा आडपडदा नाकारला. होय, यात मतामतांत भेदभाव आहे, आणि पैसा देणाऱ्याला तो करण्याचा अधिकार आहे, असे त्यांनी सांगितले. न्यायमूर्ती सूटर एकटे विरोधात राहिले.

स्कॅलियांचे म्हणणे मला बहुमतापेक्षा स्वच्छ वाटते. करदात्याचा पैसा वाटताना सरकार निवड करणारच. ‘आम्ही तटस्थ आहोत’ असे म्हणत निवड करणे हे निव्वळ ढोंग. पण त्यांच्या युक्तिवादात एक फट आहे. सरकार स्वतःच्या नावाने नव्हे, तर जाणकारांच्या नावाने पैसा देते, आणि त्या नावाची पत वापरते. पत उसनी घ्यायची आणि निर्णय नको तेव्हा फिरवायचा, हे दोन्ही एकदम करता येणार नाही.

आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये घडले ते याच फटीत. कोबाड गांधी यांच्या तुरुंगातल्या आठवणींच्या पुस्तकाचा अनघा लेले यांनी केलेला मराठी अनुवाद परीक्षकांनी राज्य पुरस्कारासाठी निवडला. एक लाख रुपयांचा पुरस्कार. ६ डिसेंबरला जाहीर झाला आणि १२ डिसेंबरच्या शासन निर्णयाने रद्द झाला. निवड समितीही बरखास्त झाली. लक्ष्मीकांत देशमुख, प्रज्ञा दया पवार, नीरजा यांनी शासकीय समित्यांचे राजीनामे दिले. शरद बाविस्कर आणि आनंद करंदीकर यांनी स्वतःचे पुरस्कार नाकारले. पुस्तकावर बंदी नव्हती. ते दुकानात मिळत होते, उलट अधिक खपले असेल. मग बिघडले काय? बंदीच्या विरोधात न्यायालयात जाता येते, तिथे कारण द्यावे लागते, निकाल फिरतो, ‘श्यामा’चा फिरला. पुरस्कार काढून घेणाऱ्या कागदाला असे काहीच करावे लागत नाही. नक्षलवादाचे उदात्तीकरण करणाऱ्या पुस्तकाला सरकारने गौरवू नये असे म्हणणाऱ्याचे म्हणणे मी ऐकून घेईन. पण मग त्याने पुस्तकातली पाने उघडून हे उदात्तीकरण दाखवावे. या पुरस्काराला नाव तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे होते. ते धर्मशास्त्रातले आधुनिक महाराष्ट्रातले मोठे पंडित. खंडन करायचे तर आधी पूर्वपक्ष नीट मांडावा लागतो, ही शिस्त त्यांनी परंपरेकडूनच घेतली होती. सहा दिवसांत काढलेल्या त्या शासन निर्णयात पूर्वपक्ष कुठे आहे?

वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४ मध्ये एका बँक कर्मचारी संघटनेच्या पत्रिकेत पुन्हा छापली गेली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. मे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, माफी मागितलेल्या प्रकाशकाला मोकळे केले आणि कवीला खटल्याला सामोरे जायला सांगितले. इतिहासातल्या वंदनीय व्यक्तीच्या तोंडी असे शब्द घालता येणार नाहीत, हे त्यामागचे सूत्र. हे शुद्ध परंपरावादी सूत्र आहे, आणि गुर्जरांच्या कवितेचे बळही नेमके त्यावरच उभे आहे. ज्याला गांधींविषयी काहीच वाटत नाही त्याला ही कविता टोचणार नाही. आज गांधी भेटले तर ते कोणत्या बाजारात, कोणाच्या भाषेत बोलताना भेटतील, हा तिचा प्रश्न आहे, आणि तो विचारणाऱ्याला मूर्तीची किंमत ठाऊक आहे. फिर्यादी आणि कवी यांच्यात गांधींच्या थोरवीविषयी मतभेद नव्हताच. मतभेद होता तो त्या थोरवीचे पुढे काय झाले याविषयी, आणि तो न्यायालयासमोर आलाच नाही.

अमोल पालेकर यांनी २०१६ मध्ये नाटकांच्या पूर्वपरिनिरीक्षणाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले, ते काटछाटीच्या तपशिलाला नव्हे, मुळात आधी परवानगी मागण्यालाच. छापील अंकाला ती मागावी लागत नाही. ‘श्यामा’च्या वाचकाला कथा आधी वाचता आली, आणि मग रागावता आले. नाटकाच्या बाबतीत रागावण्याचा हा पहिला मान अजून प्रेक्षकाचा नाही.